जुनी डिंगी, विदर्भाचा उन्हाळा आणि गोसेखुर्दचं पाणी

सर, तुमचा प्रश्न वाचला. पवनीजवळची शाळा, लिलावात स्वस्तात मिळालेली फायबरची जुनी एंटरप्राइज डिंगी (शिडाची छोटी बोट), तळाला चीर, हवेच्या टाकीत शिरणारं पाणी, उसवलेलं शीड. आणि एप्रिल-मेमध्ये मोठ्या वर्गातल्या पोरांना शीड धरायला शिकवायची हौस. दुरुस्ती कुठून सुरू करू, गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव चालेल की गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला जाऊ, आणि आपल्याकडच्या उन्हात हे जमण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारलंत.

जमेल. फक्त वेळापत्रक उन्हाला विचारून ठरवायचं. मी नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शीड धरायला शिकलो आणि पुढे पोट भरलं फायबरच्या कामावर: कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, मधूनमधून बोटी. डिंगीवरची इंग्रजी पुस्तकं थंड, ओल्या हवेच्या देशात लिहिलेली असतात. त्यातलं बरंचसं खरं आहे, पण रेझिन (काचेच्या तंतूंना धरून कडक होणारा द्रव) किती वेळात आवळतं, टाकी का गळते, शीड किती वर्षं टिकतं, पाण्यावर किती वाजता जायचं, यातल्या प्रत्येक गोष्टीत आपलं ४५ डिग्रीचं ऊन हात घालतं.

बोट तुम्हाला चांगली मिळाली आहे. जॅक होल्टने १९५६ च्या सुमारास काढलेलं हे डिझाइन मुळात प्लायवूडचं, म्हणून तळाला घडी घातल्यासारख्या कडा दिसतात. लांबी चार मीटरच्या किंचित वर, नुसतं हल, म्हणजे बोटीचं अंग, ९० किलोच्या आसपास, दोन शिडं मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर. दोन माणसांची बोट. चार पोरं उचलून नेतील, पण वाऱ्यात दोनच बसवा.

आधी बोट तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाकीचं बोलतो, कारण तिथे लोक भलतीकडेच गळती शोधत बसतात. डिंगी सकाळभर काठावर उन्हात पडलेली असते. टाकीतली हवा सहज ६० डिग्रीला जाते. तशीच झाकणं घट्ट लावून बोट पाण्यात ढकलली की ती हवा ३० पर्यंत उतरते आणि तिचा दाब जवळजवळ दहाव्या हिश्शाने कमी होतो. टाकी पुरती हवाबंद असेल तर हा ओढा तीन फूट खोल पाण्याच्या दाबाइतका भरतो. मग झाकणाचं रबर, स्क्रूची भोकं, केसाएवढी चीर, जिथून मिळेल तिथून पाणी आत ओढलं जातं. काठावर बादलीने पाणी टाकून तपासाल तर एक थेंब गळणार नाही. म्हणून जमिनीवर असताना सगळी झाकणं आणि खालची बुचं उघडी ठेवायची. पाण्यात लोटताना खालची बुचं लावा, बोट काठाला धरून पाच-सात मिनिटं गार होऊ द्या, आणि मग वरची झाकणं लावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी साबणाची परीक्षा. पहाटे, सूर्य वर यायच्या आत. उन्हात हवा आपोआप फुगते आणि निकाल खोटा येतो. बुचाच्या भोकात सलाइनची नळी कापडाने घट्ट बसवा, तोंडाने फुंका आणि नळी दुमडून धरा. सायकलचा पंप लावू नका, टाकीचा सांधा उकलेल. दुसऱ्याने भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस ब्रशने सांध्यांवर, झाकणाच्या कडेला, प्रत्येक स्क्रूवर लावत जायचं. जिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठते तिथे पेन्सिलने खूण. बहुतेक वेळा दोषी निघतो तो झाकणाचा वाळून कडक झालेला वायसर किंवा एखाद्या फिटिंगचा सैल स्क्रू. स्क्रू काढा, भोकात सिलिकॉन सीलंट भरा, परत कसा. यात फायबरचं काम निघतच नाही.

आता तळाची चीर. कोरडं करणं ही दुरुस्तीची पहिली अट, आणि त्या बाबतीत आपला मार्च-एप्रिल जगात कुणाला मिळणार नाही इतका चांगला आहे. चिरेभोवतीचा भाग घासून उघडा करा, त्यावर प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. कोरडा राहिला तर पुढे चला.

चीर दिसते त्यापेक्षा लांब असते. नाण्याने टकटक करत जा, आवाज बोदा झाला की तिथवर आतला थर सुटलेला आहे. सुटलेलं सगळं ग्राइंडरने काढायचं आणि कडांना सपाट उतार द्यायचा, जाडीच्या बारापट. म्हणजे हल तीन मिलिमीटरचं असेल तर चिरेच्या दोन्ही अंगांना साडेतीन-चार सेंटिमीटर. गल्लीतला फायबरवाला एवढं घासत नाही. तो चिरेवर वरून पट्टी मारतो, आणि पाण्यातल्या पहिल्याच खुंटाला घासली की ती पट्टी पापुद्र्यासारखी निघते. आधीच्या मालकाने एपॉक्सी पुट्टी भरली असेल तर तीही पुरती काढा, कारण तिच्यावर पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. ग्राइंडिंगच्या वेळी पूर्ण बाह्या, चष्मा, चांगला मास्क. काचेची धूळ घामाला चिकटली की रात्रभर खाज जात नाही.

रेझिनचं गणित मात्र नीट वाचा. दुकानदार सांगेल, हार्डनर दोन टक्के. ते नागपूरच्या डिसेंबरात ठीक आहे. तापमान दहा डिग्रीने वाढलं की रेझिन आवळायचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. भर मे महिन्यात दुपारी दोन टक्क्यांचं भांडं मॅटवर पोचायच्या आधीच हातात धुरकट, गरम दगड होतं. म्हणून काम पहाटे पाचला, बोट सावलीत, रेझिनचा डबा रात्रभर ओल्या गोणपाटात. हार्डनर एक टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण एक मिलिलिटर, औषधाच्या सिरिंजने मोजून. त्याच्याही खाली जाऊ नका, नाहीतर रेझिन वरून कडक दिसतं आणि आतून कधीच पुरतं पिकत नाही. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवलेलं खोल डब्यात न ठेवता पसरट ताटात ओता. साचलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं.

३०० ग्रॅमच्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (काचेच्या तुटक तंतूंच्या चटईचे) चार थर साधारण तीन मिलिमीटर भरतात. दोन थर द्या, गार होऊ द्या, मग पुढचे दोन. रोलरने हवा काढत राहा, पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथे हवा आहे. शेवटी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर. त्यात वॅक्सचं द्रावण घाला, किंवा वरून पारदर्शक प्लॅस्टिक शीट ताणून बसवा. हवा लागली की जेलकोटचा वरचा थर चिकटच राहतो.

मुलांना हे काम दाखवायचं असेल तर दोन गोष्टी आधी सांगा. कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनच मागा, म्हणजे ती बाटली शाळेत येणारच नाही. आणि हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय त्या बाटलीला हात नाही. टाकीच्या आत थर्माकोल भरलेलं असेल तर तेही बघून घ्या. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, दुरुस्तीच्या नादात बोट तरंगवणारा आतला भरावच नाहीसा होतो.

बोट ठेवायची कुठे? शेडनेटच्या मांडवाखाली, पालथी, वर हातभर हवा खेळती. काळी ताडपत्री अंगालगत बांधू नका. साधं पॉलिस्टर रेझिन ६०-७० डिग्रीला नरमायला लागतं, आणि दोन विटांवर टेकवलेली बोट त्या गर्मीत विटांचा आकार घेते. खाली जुने टायर किंवा तणस भरलेली पोती ठेवा, म्हणजे वजन पसरतं. मोहाच्या झाडाखाली तर नकोच. मार्च-एप्रिलमध्ये फुलांचा चिकटा पडतो, आणि फुलं वेचायला पहाटे आलेली माणसं आधी झाडाखालचा पाला जाळतात. लाकडी सुकाणू, टिलर (सुकाणूचा दांडा), फळ्या जमिनीवर टेकवून ठेवल्या तर उधळी (वाळवी) सोडणार नाही, त्या टांगून ठेवा. डोलकाठी वापरायच्या आधी तिचं नळकांडं ठोकून बघा. गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते, आणि बोट पाण्यात गेल्यावर त्या बाहेर निघाल्या तर पोरं सरळ उड्या मारतात.

शिडाला पाण्यापेक्षा ऊन जास्त खातं. डेक्रॉनचं (पॉलिस्टरचं) कापड टिकाऊ असलं तरी त्याचा दोरा आधी मरतो. शिवणीला नखाने खरवडा, दोरा भुगा होऊन निघाला तर उसवलेल्या जागेपुरती शिवण पुरणार नाही, ती लाइन पूर्ण नव्याने मारा. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. ताडपत्री आणि मंडप शिवणाऱ्याकडे जाड मशीन असतं. दोरा मात्र पॉलिस्टरचाच द्या आणि टाका झिगझॅग मागा. मंडपवाला सुती दोरा वापरतो, आणि तो दोरा एका पावसाळ्यात कुजतो. शिडाला ताठ ठेवणाऱ्या बॅटन पट्ट्या हरवल्या असतील तर बुरडाकडून बांबूच्या करून घ्या. मागे बरोबरीने रंधलेल्या, पुढच्या टोकाला जास्त लवणाऱ्या, कडा काचकागदाने गोल केलेल्या आणि टोकांना टेप. मी विकतच्या फायबर पट्ट्यांपेक्षा या पसंत करतो. पोरांनी पाय देऊन मोडल्या तरी दुसऱ्या दिवशी नव्या मिळतात. काम झालं की शीड गुंडाळून सावलीत. काठावर फडफडत सोडलेलं शीड एका हंगामात म्हातारं होतं.

दोरांच्या बाबतीत एकच. हार्डवेअरच्या दुकानात नायलॉन म्हणून मिळणारा निळा-हिरवा हलका दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो पाण्यावर तरंगतो म्हणून ओढून न्यायला बरा, पण उन्हाने त्याची पावडर होते आणि हाताला कुसळं टोचतात. शिडाच्या दोरांना पॉलिस्टर घ्या, नागपूरच्या इतवारीत मिळतो. डोलकाठीच्या ताणाच्या तारा तपासायला मूठभर कापूस पुरे. तारेवरून वरपासून खालपर्यंत ओढत न्या. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे एक पीळ तुटलेला आहे, आणि ती तार बदलायची. एक पीळ तुटलेली तार आणखी वर्षभर चालेल असं कुणी म्हणालं तर त्यालाच डोलकाठीखाली बसवा.

आता पाणी. मामा तलाव पोरांना वल्ही मारायला आणि बोट पालथी करून सरळ करायचा सराव द्यायला उत्तम, पण मार्च संपेपर्यंतच. नंतर पाणी कमरेएवढं, कडेला बेशरमच्या झुडपांची दाटी, आणि सेंटरबोर्डच्या (तळातून खाली सोडायच्या फळीच्या) फटीत गाळ-खडे जाऊन तो अडकतो. एप्रिलपासून बॅकवॉटर. तिथे वेगळीच पंचाईत. धरणाचं भूमिपूजन १९८८ सालचं, पाणी मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चढत गेलं. गावं उठली, पण बांधावरची झाडं, विहिरींचे कठडे, घरांचे चौथरे खालीच राहिले. उन्हाळ्यात पातळी उतरते तसे ते पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. बाहेर दिसणारा खुंट चुकवता येतो, वीतभर खाली असलेला नाही. म्हणून शिडं लावायच्या आधी एक सकाळ डोंग्यातून बांबूने तळ चाचपत फिरा आणि धोक्याच्या जागी दगड बांधलेल्या रिकाम्या बाटल्या सोडा. पातळी उतरत राहते, तेव्हा दर आठवड्याला परत. वरून कन्हानमार्गे येणारी जलपर्णीही वाऱ्याने सरकते. सकाळी मोकळा असलेला काठ संध्याकाळी बंद झालेला असतो.

हे सगळं ज्याला पाठ आहे तो माणूस आधीच त्या काठावर आहे. ढिवर (मासेमार) बांधवांच्या सोसायटीत जाऊन बसा. पाण्याची परवानगी जलसंपदा खात्याकडून लेखी घ्यालच, पण मासेमारीचा हक्क सोसायटीचा आहे, आणि रात्री टाकलेली जाळी ते सकाळी कधी काढतात हे त्यांनाच विचारावं लागतं. जाळी निघाल्यावरच शिडं वर. जाळ्यात अडकलात तर सेंटरबोर्ड आणि सुकाणू वर उचला, बोट वाऱ्यासोबत निघून जाऊ द्या, जाळं कापू नका. आणि एका डोंगेवाल्याला रोजीवर ठेवा, पोरं पाण्यात असतील तितका वेळ. तीच तुमची रेस्क्यू बोट. त्याचा शब्द शेवटचा: तो परत चला म्हणाला की परत.

आता वाऱ्याचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये उजाडताना पाणी आरशासारखं असतं. साडेसात-आठच्या पुढे हलकी झुळूक लागते, आणि दहापर्यंत शिकाऊ पोरांसाठी ती अगदी बेताची असते. त्यानंतर जमीन तापते, वरचा वारा खाली उतरतो आणि झोत यायला लागतात: दोन मिनिटं काहीच नाही, मग एकदम थप्पड, तीही दिशा बदलून. अकरा ते चार बोट मांडवात, पोरं सावलीत. त्या वेळात गाठी शिकवा, शिवण उसवा. पाचनंतर पुन्हा तासभर मिळतो, जर आकाश स्वच्छ असेल तर. पोरांच्या डोक्याला ओला दुपट्टा, टोपीला दोरी, प्रत्येकाला पाणी आणि मीठ-साखरेचं द्रावण. चिडचिड, डोकं दुखणं, घाम थांबणं यातलं काहीही दिसलं तर ते पोर आधी काठावर.

जर म्हणालो, कारण अवकाळी. दुपारनंतर पश्चिमेला ढगाचा काळा कठडा दिसला, त्याच्या पायथ्याशी धूळ उडताना दिसली, की पाऊस यायच्या कितीतरी आधी वारा पोचतो. शीड छोटं करत बसू नका, दोन्ही शिडं खाली पाडा आणि वल्ही मारत जवळच्या काठाला लागा, घरच्या काठाला नव्हे. भर पाण्यात अॅल्युमिनियमची डोलकाठी हीच सगळ्यात उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीही पाण्यात नाही, झाडाखालीही नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवा, पण काठावर एका माणसाची नजर आकाशाकडे हवीच.

विजेची दुसरी भीती निरभ्र दिवशीही असते. काठाकाठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी खांब कललेले आणि तारा लोंबलेल्या. उभी केलेली डोलकाठी २० फुटांच्या वर जाते. मुलं ट्रॉली ढकलताना खाली बघतात, वर कुणीच बघत नाही. डोलकाठी उभी करायची ती अगदी पाण्याच्या कडेला, आजूबाजूला आणि पाण्यावरून तार जात नाही हे पाहून, आणि परत निघताना तिथेच आडवी करायची. या नियमाला शाळेत कुठलीही सूट नको.

उलटायची तयारी. बोट उलटणारच, त्यात काही वावगं नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी डोलकाठीच्या लांबीपेक्षा उथळ असतं. बोट पूर्ण पालथी झाली की टोक गाळात रुततं, आणि पोरं सेंटरबोर्डवर उभी राहून जोर लावतात तेव्हा डोलकाठी वाकते. उपाय सोपा: डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरची रिकामी, घट्ट झाकणाची तेलाची कॅन पक्की बांधा. बोट आडवी पडली तरी टोक वर तरंगतं. दिसायला गावठी दिसेल, दिसू द्या. तरीही रुतलीच तर जोर न लावता डोंगेवाल्याला टोकाकडून दोर बांधून हळू ओढायला सांगा, आणि सरळ करायच्या आधी शिडांचे दोर मोकळे आहेत ना ते बघा.

पोरं कुठली घ्यायची हे तुम्ही शेवटी विचारलंत. इयत्ता बघू नका. मामा तलावात मार्चमध्येच प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालून, कपड्यांसकट, बोटीवरून पाण्यात उतरवा. डोकं पाण्याखाली गेल्यावर जो घाबरत नाही आणि पोहत बोटीला येऊन धरतो, तो शिडाला बसेल. ज्याला जमत नाही तो एप्रिलभर डोंग्यात बसेल आणि आधी पोहायला शिकेल. जॅकेट विकत घेताना ते पोराच्या अंगात घालून खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या पोराचं नाही. लहान माप मागवा, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या.